हुद्दार सरांच्या लॉगिनने

फुंकणी केंद्रात पाच खिडक्या होत्या, पाच यंत्रं होती, पाच तपासनीस होते. कागदोपत्री मात्र जवळजवळ सगळं काम एकटे प्रमोद हुद्दार करत होते. पाटीवरचं नाव होतं ‘कामगार श्वास तपासणी केंद्र’. यंत्राच्या नळीत फुंकायचं असतं म्हणून फाउंड्रीतल्या लोकांनी त्याला फुंकणी म्हणायला सुरुवात केली आणि कोल्हापुरात तेच नाव रुळलं. रिक्षावाल्याला पाटीवरचं नाव सांगितलं तर तो दवाखान्यात नेऊन सोडायचा.

हुद्दार सर केंद्राच्या संगणकाचे प्रमुख. त्यांचा पासवर्ड प्रत्येक कीबोर्डच्या पोटाला चिकटपट्टीने डकवलेला होता. सकाळी खिडक्या उघडल्या की कीबोर्ड उचलायचा, चिठ्ठी वाचायची आणि सरांच्या लॉगिनने कामाला लागायचं, अशी तिथली पद्धत. त्यामुळे रोज चार खिडक्यांवरून निघणाऱ्या अहवालांवर एकच ओळ छापली जाई, ‘वाचन : प्र. हुद्दार’. मुलीच्या लग्नासाठी सर आठ दिवस बेळगावात होते, तेव्हाही त्यांनी इथे शंभर माणसांचे श्वास वाचले. एक माणूस एका वेळी चार खुर्च्यांवर बसतो कसा, हा प्रश्न मुंबईच्या संचालनालयात कुणालाही पडला नाही.

उरलेली पाचवी खुर्ची राजश्री चौगुलेची, चार नंबरच्या खिडकीवरची. ती जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेतून बदलून आली होती आणि प्रशिक्षणात शिकवलेलं तिने खरं मानलं होतं. धूळबाधा कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं की ज्याने श्वास वाचला त्याचंच नाव अहवालावर हवं, नाहीतर अहवाल रद्द. पहिल्या दिवशी शेजारच्या खिडकीवरच्या विलास तेलीने कीबोर्ड उलटा करून तिला चिठ्ठी दाखवली, तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली. ती सरळ हुद्दार सरांकडे गेली आणि स्वतःच्या नावाचं खातं मागितलं. सर हसले. दोन मिनिटांत खातं काढून दिलं आणि म्हणाले, कायद्याच्या बाई आल्या वाटतं आमच्याकडे. विलास म्हणाला, कशाला उगीच वेगळी चूल मांडताय? राजश्रीने ती मांडली. चौदा महिने ती स्वतःच्या नावाने लॉगिन करत होती आणि स्वतःच्या नावाने सही करत होती.

आता फुंकणीविषयी थोडं. वाळूची बारीक धूळ एकदा फुप्फुसात गेली की परत येत नाही. तिला गिळायला धावलेल्या पेशी मरतात आणि मरता मरता काही वायू सोडतात. ते श्वासावाटे बाहेर पडतात, पण इतके थोडे की माणसाच्या नाकाला त्यांचा पत्ता लागत नाही. फुंकणीत वायू ओळखणारे बाराशे ठिपके होते. प्रत्येक ठिपका निरनिराळ्या वायूंनी कमीजास्त जागा होई आणि श्वासाची एक आकृती उमटे. क्ष-किरणांत डाग दिसायच्या पाच-सात वर्षं आधी ही आकृती बदलू लागते, एवढाच तो शोध. पण त्या एवढ्याशा शोधाने कायदा बदलला होता. ‘धूळबाधा’ असा अहवाल आला की मालकाला त्या माणसाला धुळीच्या कामावर ठेवता येत नसे, त्याच पगारात दुसरं काम द्यावं लागे. ‘साफ’ आला की माणूस परत धुळीत. या आजाराला औषध नाही. वेळेत धुळीतून बाहेर काढणं हाच काय तो उपचार, आणि तो फुंकणीच्या कागदावर अवलंबून होता.

आकृती एकटी काही सांगत नाही. ती निरोगी माणसांच्या हजारो आकृत्यांशी ताडून बघावी लागते. त्या हजारोंच्या गठ्ठ्याला संदर्भसंच म्हणतात. यंत्राबरोबर परदेशातून आलेला संच तिकडच्या माणसांचा होता. इथला माणूस सकाळ-संध्याकाळ कांदा-लसणाची चटणी खाणारा, त्याचा श्वास त्या संचाला काही केल्या कळेना. फुप्फुसातला दाह दिसला की तो संच त्याला तंबाखूच्या खात्यात टाकून मोकळा होई. हुद्दार सरांनी दोन वर्षं गावोगाव फिरून तीन हजार श्वास गोळा केले आणि इथल्या माणसांचा संच तयार केला. त्याला सात नंबर मिळाला. काम फार चांगलं होतं. हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्यांच्याविषयी चांगलं बोलायला जागा मिळणार नाही.

राजश्रीचा नवरा धनाजी एका फाउंड्रीत फेटलिंगला होता. ओतलेल्या लोखंडाला चिकटलेली वाळू ग्राइंडरने घासून काढायची, हे फेटलिंग. साचे भरायला आणि लोखंड ओतायला आता यंत्रमानव आले होते, पण प्रत्येक तुकडा वेगळा निघायचा, त्यामुळे घासायला अजून माणूसच लागत होता. धनाजीला खोकला लागला. जिना चढताना तो मध्येच थांबायला लागला आणि थांबल्यावर खिशात काहीतरी शोधल्याचं सोंग करायला लागला. आठ महिन्यांपूर्वी राजश्रीने त्याला खिडकीवर बोलावलं. घरच्या माणसाचा श्वास वाचायला बंदी नाही, हे तिने नियमात आधी बघून घेतलं होतं. त्याने फुंकलं. कागद आला. ‘साफ. तंबाखूचे अंश आढळले.’

धनाजी पूर्वी तंबाखू खायचा. ओवी झाली तेव्हा त्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवून ती सोडली होती, त्याला नऊ वर्षं झाली. राजश्रीने कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. घरी आल्यावर बोलली.

“न्हाई खाल्ली,” तो म्हणाला. “ओवीची शपथ.”

“तिची शपथ आता पुन्हा घेऊ नका,” ती म्हणाली.

पुढचे आठ महिने त्या घरात जे झालं ते आठवून राजश्रीला पुढे पुष्कळ दिवस जेवण गेलं नाही. तिने त्याच्या पँटचे खिसे उलटे केले. डब्याच्या पिशवीचं अस्तर उसवून बघितलं. काही सापडलं नाही, तेव्हा हा आता लपवण्यात पटाईत झाला, असा तिने निष्कर्ष काढला. सगळ्यात वाईट म्हणजे तिने ओवीला कामाला लावलं. पप्पा कामावरून आले की गळ्यात पडायचं आणि तोंडाचा वास घ्यायचा. नऊ वर्षांची पोर रोज संध्याकाळी बापाच्या गळ्यात पडायची आणि आईकडे बघून मान हलवायची. धनाजीच्या ते लक्षात आलं होतं. त्याने एकदाच तोंड उघडलं.

“मशिनीनं सांगितलं की खरं, आणि मी सांगितलं की खोटं. बरं हाय.”

त्यानंतर तो तपासणीचं नाव काढेना. खोकला आला की गॅलरीत जाई आणि मागे दार ओढून घेई. सकाळी आठला ग्राइंडर हातात घेई.

मार्चमध्ये फाउंड्रीमालकांच्या संघटनेने महिला दिन साजरा केला. राजश्रीला ‘निःपक्ष तपासनीस’ म्हणून शाल, श्रीफळ आणि चांदीचा मुलामा दिलेली फुंकणी मिळाली. बाकीच्या खिडक्यांवर सहातला एक जण बाधित निघायचा. चार नंबरवर तोवर सगळे मिळून एकोणीस निघाले होते. या बाई कुणाला फुकटची सवलत देत नाहीत, असं भाषणात सांगितलं गेलं. तेव्हापासून काही कारखाने आपल्या माणसांना मुद्दाम चार नंबरसाठी पाठवू लागले. राजश्रीला त्याचा अभिमान वाटला. धनाजी तिसऱ्या रांगेत बसला होता आणि त्यानेही टाळ्या वाजवल्या होत्या.

एका बुधवारी सकाळी बाबू तहसीलदार नावाचा गृहस्थ चार नंबरच्या खिडकीवर आला. वय पन्नाशीचं, नखांत काळी वाळू. त्याने नळीला हात लावला नाही. खिशातून दोन कागद काढले आणि राजश्रीसमोर शेजारी शेजारी ठेवले. गेल्या मंगळवारी त्याला तिच्याकडे ‘साफ’ मिळालं होतं. त्याला ते पटलं नाही, म्हणून या मंगळवारी पुन्हा नंबर लावून तो तीन नंबरला विलासकडे गेला, आणि तिथे आलं ‘धूळबाधा, दुसरी पायरी’.

“बाई, एक सांगा,” तो म्हणाला. “आठ दिवसांत माझं फुप्फुस बिघडलं, का तुमची फुंकणी?”

राजश्रीने त्याला आत बोलावून खुर्ची दिली आणि खिडकी बंद केली. चौदा महिन्यांत चार नंबरची खिडकी वेळेआधी पहिल्यांदाच बंद झाली.

हुद्दार सरांचं म्हणणं ठरलेलं होतं. तुमची फुंकवून घ्यायची पद्धत चुकत असेल, बाई. पोटातून नाही फुंकलं की असं होतं. त्यांनी बाबू तहसीलदारचा साठवलेला श्वास स्वतःच्या केबिनमधल्या पडद्यावर उघडला. आठ दिवसांपूर्वीचा, चार नंबरवर घेतलेला, तोच. उत्तर आलं, ‘धूळबाधा, दुसरी पायरी’.

“हे बघा, चालतंय की,” सर म्हणाले, जणू त्यावर आता काही बोलण्यासारखं उरलं नव्हतं.

राजश्रीच्या डोक्यात तिडीक गेली. फुंकवून घेण्यात चूक असती तर श्वासच चुकीचा साठला असता, आणि तो इथेही चुकीचाच निघाला असता. श्वास बरोबर होता. ती बाहेर आली आणि तोच श्वास चार नंबरवर उघडला. साफ. विलासला सांगून तीन नंबरवर उघडला. धूळबाधा. यंत्र बिघडलंय म्हणावं, तर ती विलासच्या खुर्चीत बसली आणि त्याच्याच यंत्रावर स्वतःच्या लॉगिनने तोच श्वास वाचला. साफ.

मग तिने विलासला त्याच्या स्वतःच्या खात्यातून बघायला लावलं. विलासचं खातं केंद्र सुरू झालं तेव्हाच निघालं होतं आणि त्याने ते एकदाही उघडलं नव्हतं. पासवर्ड आठवेना, नवा काढावा लागला. अखेर उघडलं. तोच माणूस, तीच खुर्ची, तोच श्वास, आणि पडद्यावर ‘साफ’.

विलासचा चेहरा उतरला. बाबू तहसीलदार खुर्चीत पुढे सरकून बघत होता. त्याने विचारलं, म्हणजे कुणाचं नाव घालून बघितलं त्यावर माझं फुप्फुस ठरतं?

केंद्राचा संगणक युनिक्स पद्धतीचा. संगणक एक, खाती अनेक. प्रत्येक खात्याला आपली एक खोली असते आणि सगळ्यांना लागणाऱ्या वस्तूंसाठी एक सामाईक जागा असते. कुठल्याही फायलीवर तीन परवानग्या लिहिलेल्या असतात, मालकाला काय करता येईल, त्याच्या गटाला काय, आणि इतरांना काय. राजश्रीला याची तोंडओळख होती. तिने दोन्ही कागद पुन्हा हातात घेतले आणि बोटाने एकेक ओळ ताडत तळापर्यंत गेली. अगदी खाली, डोळे बारीक केल्याशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत, विलासच्या कागदावर होतं ‘संदर्भ : ७’. तिच्या कागदावर होतं ‘संदर्भ : ०’. शून्य म्हणजे परदेशातून आलेला संच.

तिने स्वतःच्याच खात्यातली नोंदवही उघडली. चालताना काय अडलं ते प्रोग्राम तिथे आपणहून लिहून ठेवतो. कुणी बघत नाही, तिनेही कधी बघितली नव्हती. तिथे प्रत्येक श्वासामागे एकेक ओळ होती. ‘संदर्भसंच ७ वाचता आला नाही. परवानगी नाही. संच ० वापरला.’ खाली तीच ओळ, त्याखाली तीच. पानं सरकवता सरकवता तिचं बोट दुखायला लागलं.

सात नंबरचा संच सामाईक जागेत नव्हताच. तो होता हुद्दार सरांच्या खोलीत. त्यांच्या नावावर, आणि इतरांसाठीच्या रकान्यात नुसत्या आडव्या रेघा, म्हणजे परवानगी नाही. सरांच्या लॉगिनने जो बसेल त्याला तो मिळायचा, कारण संगणकाच्या लेखी तो हुद्दारच. स्वतःच्या नावाने बसणाऱ्याला दार बंद. आणि दार बंद आहे हे प्रोग्रामने मोठ्याने सांगावं की नाही? तर नाही. सरांनीच तशी सोय केली होती, रांग थांबू नये म्हणून.

अख्ख्या केंद्रात नियम पाळणारी ती एकटी, आणि माणसांना चुकीचं सांगणारीही ती एकटीच. खिडकीवर ठेवलेली ती चांदीची फुंकणी तिने उचलली आणि खणात टाकली. धनाजीचा साठवलेला श्वास त्या दिवशी उघडायची तिची हिंमत झाली नाही.

गुरुवारी सकाळी ती केबिनमध्ये गेली तेव्हा सर चहा पीत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि नाकारलं काहीच नाही. त्याचाच तिला जास्त राग आला. केंद्राच्या उद्घाटनाची तारीख आधी ठरली होती, त्यांनी सांगितलं, आणि संच आदल्या दिवशी तयार झाला. पाहुणे यायच्या आत सुरू करायचं होतं म्हणून तात्पुरता आपल्या खोलीत ठेवला. नंतर हलवू म्हटलं. मग सगळेच माझ्या लॉगिनने बसायला लागले, कुणाचं काही अडलं नाही, राहून गेलं.

“माझं अडलं होतं,” राजश्री म्हणाली.

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं वेगळं बसायला?”

तिने विचारलं, एक हजार एकशे सहा माणसांना मी काय सांगू? सरांनी कप खाली ठेवला आणि दार लावून घेतलं. सांगायचं काहीच नाही, ते म्हणाले. मी आत्ता परवानगी उघडतो, एका ओळीचं काम आहे. उद्यापासून तुमच्याकडेही बरोबर येईल. जुने लोक दोन वर्षांनी पुन्हा तपासणीला येतीलच.

दोन वर्षं धुळीत. राजश्रीने मुंबईला कळवणार असं सांगितलं, तेव्हा सरांनी आवाज खाली आणला.

“कळवा. पहिला प्रश्न काय येईल माहीत आहे? बाकीच्या खिडक्यांवर बरोबर कसं आलं? माझ्या लॉगिनने. म्हणजे ते सगळे अहवाल बेकायदा. आठशे माणसं धुळीतून बाहेर पडलीत, बाई. त्यांचे मालक दुसऱ्या दिवशी कोर्टात उभे राहतील आणि त्या माणसांना परत ग्राइंडरवर आणतील. तुमचे चुकीचे कागद कायदेशीर, आमचे बरोबर कागद रद्द. चालेल तुम्हाला?”

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाने हा घोळ घालून ठेवला तोच आता आठशे आजारी माणसांना ढालीसारखं पुढे धरत होता. कळवायचा हट्ट सोडेपर्यंत परवानगीही उघडणार नाही, असं त्यांनी वर सुनावलं. ती बाहेर येऊन आपल्या खुर्चीत बसली. चार नंबरच्या कीबोर्डखालीही ती चिठ्ठी होती. सरांच्या लॉगिनने आत शिरायचं, कुलूप काढायचं आणि बाहेर यायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. तिने कीबोर्ड उचलला आणि पुन्हा होता तसा ठेवला. हुद्दारांच्या नावाने केलेली आणखी एक गोष्ट त्या केंद्रात तिला नको होती.

मग तिने कायदा काढला. विलास चेष्टेने म्हणायचा, बाईंच्या पर्समध्ये लिपस्टिक नाही, कायदा आहे. बाविसाव्या कलमात पुनर्वाचन होतं. साठवलेला श्वास दोन वर्षांच्या आत कुठल्याही तपासनिसाला स्वतःच्या नावाने पुन्हा वाचता येतो. नवा अहवाल जुन्याची जागा घेतो. अट एकच, कारण लिहायचं. केंद्राला अजून दोन वर्षं पुरी व्हायची होती. एकूणएक श्वास तिथेच होते, तिचे अकराशे आणि बाकीच्यांचेही. ते पुन्हा वाचले की मालकांना कोर्टात न्यायला बेकायदा कागद उरणारच नव्हता.

दुपारी तिने विलासला आणि इतर तिघांना कॅन्टीनमध्ये बसवून सगळं सांगितलं. संच उघडला की प्रत्येकाने आपल्या खिडकीवरचे श्वास आपल्या खात्यातून पुन्हा वाचायचे आणि कारण खरं लिहायचं. खरं कारण लिहिणं म्हणजे दोन वर्षं दुसऱ्याच्या नावाने काम केल्याची कबुली देणं. विलासने बराच वेळ बशीतला चहा फुंकला. मग म्हणाला, त्या तहसीलदाराने विचारलेलं माझ्या डोक्यातून जात नाही. मी बसतो. तो बसला म्हटल्यावर उरलेल्यांना नाही म्हणणं जड गेलं.

शुक्रवारी राजश्रीने संचालनालयाला पत्र पाठवलं आणि त्याची प्रत हुद्दार सरांच्या टेबलावर ठेवली. पत्रात तिने फक्त स्वतःविषयी लिहिलं होतं. माझ्या खात्यातून अकराशे सहा निकाल चुकीच्या संचाने दिले गेले. नोंद रोज होत होती, मी ती बघितली नाही. मी सर्वांचं पुनर्वाचन करत आहे. सरांचं नाव कुठेही नव्हतं.

सरांनी पत्र दोनदा वाचलं. मुंबईकडे सगळ्या खोल्यांची किल्ली असते. संच बंद राहिला तर ते स्वतः उघडतील आणि का बंद होता ते बघतील, एवढं त्यांना कळत होतं. सरांना पश्चात्ताप झाला असं लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. त्यांनी हिशेब केला आणि कीबोर्ड पुढे ओढला. राजश्री समोर उभी राहिली, कारण ती ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली तिला बघायची होती. संच सामाईक जागेत गेला. इतरांच्या रकान्यात, रेघा होत्या तिथे, वाचण्याच्या परवानगीचं एक अक्षर उमटलं. पुरतं अर्धं मिनिटही लागलं नाही. एवढ्यासाठी चौदा महिने माणसं वाळू खात होती.

शनिवार-रविवारी केंद्र बंद असतं. पाचही जण सकाळी नऊला आले आणि पाच खिडक्यांवर पाच निरनिराळ्या नावांनी बसले, केंद्र सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. राजश्रीने तारखेच्या क्रमाने सुरुवात केली. साफ, साफ, धूळबाधा. साफ. धूळबाधा. जिथे निकाल बदले तिथे कारणाच्या रकान्यात ती प्रत्येक वेळी तेच वाक्य पूर्ण टाइप करी, ‘माझ्या खात्यातून चुकीचा निकाल दिला गेला.’ विलासने सांगितलं, एकदा लिहून चिकटवत जा की. ती नाही म्हणाली. पहिल्या दिवसाअखेर अठ्ठेचाळीस निकाल बदलले होते. ती एकेकाला फोन लावत होती. काहींनी शिव्या दिल्या, त्या तिने ऐकून घेतल्या. शिरोळच्या एका माणसाच्या बायकोने फोन उचलला आणि सांगितलं की ते दिवाळीत गेले. तिने आवाज चढवला नाही, काही मागितलं नाही, फक्त विचारलं, तुम्ही कोण बोलताय? राजश्रीने स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं.

रविवारी दुपारी दीडच्या सुमारास पडद्यावर चारशे अडतीसावा श्वास आला. चौगुले धनाजी. तिने माउसवरचा हात काढला. मग धनाजीला फोन केला आणि जेवणाचा डबा घेऊन या म्हणाली. तो आला. दोन जिने चढून आला होता, त्यामुळे दारात थांबला आणि सवयीने खिसा चाचपायला लागला.

“खिशात काही नाही, मला माहीत आहे,” राजश्री म्हणाली. “या, बसा.”

तो बसल्यावर तिने त्याला संच, कुलूप, शून्य नंबर, सगळं सांगितलं. तो ऐकत होता. तिला वाटलं हा आता भडकेल, आणि भडकला तर बरं होईल. त्याने डबा टेबलावर ठेवला. तिने बटण दाबलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला.

‘धूळबाधा, दुसरी पायरी. तंबाखूचे अंश : नाहीत.’

धनाजी पुढे वाकला. त्याने पहिली ओळ वाचली की नाही कुणास ठाऊक. त्याचं काळं पडलेलं बोट दुसऱ्या ओळीवर गेलं आणि तिथेच राहिलं.

“न्हाईत म्हणतंय,” तो म्हणाला.

“नाहीत,” ती म्हणाली.

त्याच्या तोंडावर हसू आलं. आठ महिन्यांत तिने ते बघितलं नव्हतं. फुप्फुसं कामातून गेल्याचं लिहून आलं होतं, आणि हा माणूस खूश होता, कारण तो खोटं बोलत नव्हता हे एकदाचं छापून आलं होतं. राजश्रीला हुद्दारांचा राग आला, त्या उद्घाटनाचा आला, टाळ्या वाजवणाऱ्या मालकांचा आला, आणि त्या सगळ्यांहून जास्त स्वतःचा आला. नऊ वर्षं पाळलेली शपथ तिने एका ओळीवर मोडीत काढली होती, आणि त्याच कागदाच्या तळातली ‘संदर्भ : ०’ ही ओळ वाचायचे कष्ट घेतले नव्हते.

“उद्यापासून ग्राइंडरला हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “कागद मी स्वतः घेऊन येते फाउंड्रीत.”

“ते बघू,” धनाजी म्हणाला. “याची एक परत दे मला. वेगळी.”

“कशाला?”

“ओवीला दाखवायला.”

राजश्रीने कारणाच्या रकान्यात ते वाक्य टाइप केलं. मध्ये दोनदा चुकलं, पुन्हा लिहिलं. खाली छापलं जाणार होतं, ‘वाचन : राजश्री चौगुले’. तिने दोन प्रती मागितल्या. प्रिंटरमधून पहिला कागद बाहेर यायला लागला तसा धनाजी तो घ्यायला उठला, आणि उठताना त्याला टेबलाची कड धरावी लागली.